वॉर्डच्या दाराशी एक स्टूल

मॅडम कुठल्याही हॉस्पिटलात चहा घेत नसत. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. मी त्यांच्याकडे रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात देवळाली कॅम्पाकडच्या एका हॉस्पिटलात इन्चार्ज सिस्टरांनी मला "चहा घेणार ना?" असं विचारलं आणि मी मोकळ्या मनाने "चालेल की" म्हटलं. बाहेर आल्यावर मॅडमनी मला गेटपाशी उभं केलं.

"तुझ्या चहासाठी वॉर्डातली मावशी कॅन्टीनला गेली. मावशी नाही म्हणून पेशंटला बेडपॅन सिस्टरने दिलं. सिस्टर तिकडे अडकली म्हणून खिडकीजवळच्या म्हातारीची सलाईन संपून नळीत रक्त चढलं. आणि तू लिहिलंस काय, तर मावशी जागेवर नाही. कुठे गेली होती गं मावशी?"

तो चहा मला अजून पचलेला नाही.

मी समाजशास्त्रात एम.ए. करून नोकरी शोधत फिरत होते, आणि मॅडमना नर्स नसलेली, कमी बोलणारी आणि नीट बघणारी मदतनीस हवी होती. पहिल्या अटीत मी आपोआप बसत होते. बाकीच्या दोन त्यांनी रागावून रागावून माझ्यात बसवल्या. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "काय समाजशास्त्र, डबा आणलात का?" अशी आमची सकाळ व्हायची. चिडल्या की समाजशास्त्राचं 'अगं ए' व्हायचं.

त्यांचे वडील तोफखान्यात होते. मॅडमचं बालपण कॅम्पात गेलं. सरावाच्या तोफा सुटल्या की घराच्या काचा थरथरायच्या आणि त्या आवाजात आपल्याला गाढ झोप लागायची, असं त्या अभिमानाने सांगत. पुढे सगळी नोकरी त्यांनी नर्सिंग कॉलेजात शिकवण्यात घालवली. जिल्ह्यातल्या बहुतेक सरकारी दवाखान्यांत त्यांची एखादी तरी विद्यार्थिनी असायचीच, आणि तिच्या अंगावर मॅडमचं नाव काढल्याबरोबर काटा यायचा. चादरीच्या कोपऱ्याची घडी जरा तिरकी झाली की त्या अख्खा बेड उसकटून टाकत आणि पुन्हा घालायला लावत. वरिष्ठ वॉर्डात आले की ताडकन उभं राहायचं, टाचा जुळवायच्या आणि पहिलं वाक्य म्हणायचं, "वॉर्ड व्यवस्थित आहे, मॅडम." आग लागली असेल तर ते दुसऱ्या वाक्यात सांगायचं.

रिटायर झाल्यावर बाकीच्या बायका भजनी मंडळात जातात, यांनी सरकारच्या मागे लागून एक अभ्यास मिळवला. जिल्ह्यातल्या सरकारी वॉर्डांमध्ये नर्स खरोखर किती असतात, आणि किती लागतात. मुंबईत एक समिती बसली होती. कुठल्या दवाखान्याला नर्सची किती पदं द्यायची हे ती नव्याने ठरवणार होती, आणि नाशिक जिल्ह्याचा अहवाल मॅडमनी द्यायचा होता. आम्हाला कामाला एका जुन्या इमारतीतली खोली मिळाली होती. तिचा पंखा लावला की कागद उडायचे आणि बंद केला की आम्ही शिजायचो.

अशा अभ्यासाची रीत म्हणजे फॉर्म पाठवायचे. मेट्रन ते भरते, आपण बेरीज करतो. मॅडमना फॉर्म या वस्तूचाच राग होता. "जिला फॉर्म भरायला वेळ आहे तिचा वॉर्ड रिकामा असणार. जी खरी बुडतेय ती तुझा फॉर्म सलाईनच्या बाटलीखाली ठेवते, ओल पुसायला," असं त्या म्हणायच्या. म्हणून त्यांनी कॅम्पातल्या बाजारातून अॅल्युमिनियमची दोन घडीची स्टुलं आणली. ती खांद्याला अडकवून आम्ही एसटीने जायचो. कंडक्टर विचारायचा, "काय मासे धरायला का आजी?" वॉर्डच्या दाराशी स्टूल मांडायचं आणि पूर्ण पाळी बसून राहायचं. जे दिसलं ते लिहायचं. ऐकलेलं लिहायचं नाही. सिस्टरांशी बोलायचं नाही. अगदी जिवावरचं नसेल तर कशाला हात लावायचा नाही.

हा शेवटचा नियम पाळताना मॅडमचे हाल बघवत नसत. एखादी नवखी पोरगी शीर शोधत चार वेळा सुई टोचतेय, आणि मॅडम दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्यात. पाळी संपली की त्यांच्या पंज्यांवर स्टुलाच्या कडेचे वळ उठलेले असायचे.

एक प्रश्न मात्र त्या विचारायच्याच, तोही पेशंटजवळ बसलेल्या नातेवाइकाला. "सलाईन संपली की कुणाला सांगता हो?" उत्तर ऐकायच्या, मान हलवायच्या आणि लिहायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, लिहायचं नाही तर विचारता कशाला? म्हणाल्या, "ते अहवालासाठी नाही. माझ्यासाठी आहे." बहुतेक ठिकाणी उत्तर एकच यायचं. कुणाला काय सांगायचं, आम्हीच बंद करतो, सिस्टरने नळीचं चाक कसं फिरवायचं ते दाखवलंय. आपल्याकडे नर्स कमी आहेत हे कुणाच्या लक्षात का येत नाही, ते मला त्या उत्तरांतून कळलं. नर्सची अर्धी कामं पेशंटच्या सासवा आणि भाऊ करत असतात, आणि त्यांची नावं कुठल्याही तक्त्यात येत नाहीत.

त्यांना 'सेवा' हा शब्द चालत नसे. परिचारिका दिनाच्या एका समारंभाला त्यांना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. आधीच्या वक्त्याने नर्स म्हणजे पांढऱ्या वेशातल्या देवदूत, असं गहिवरून सांगितलं. मॅडम माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "देवदूतांना साप्ताहिक सुट्टी लागत नाही, म्हणून तुम्हाला ते आवडतात." मग शाल, श्रीफळ घेऊन खाली आल्या. पुढच्या वर्षी आमंत्रण आलं नाही, आणि याचा त्यांना मनापासून आनंद झाला.

आणि ते उठून उभं राहणं. मॅडम सत्तरीच्या जवळ पोचल्या होत्या, गुडघे पार गेलेले. तरी वॉर्डात कुणी डॉक्टर शिरला, अगदी कालपरवा मिसरूड फुटलेला इंटर्न असला तरी, मॅडम स्टुलावरून ताडकन उभ्या. उभ्या राहिल्यावर त्यांच्या लक्षात यायचं आणि स्वतःवरच दात खात खाली बसायच्या. "गुडघ्यांना अजून कळलेलं नाही मी रिटायर झाले ते," असं पुटपुटायच्या. याचा वचपा म्हणून त्यांनी आमच्या खोलीत नियम केला होता. कुठलीही नर्स आत आली की आपण उभं राहायचं. कागद द्यायला आलेल्या एका सिस्टरसाठी आम्ही दोघी उठलो, तेव्हा ती घाबरून मागे वळून बघायला लागली की आपल्या पाठीमागे कोण आलंय.

पेठच्या पलीकडचं ते गाव आमचं शेवटचं ठिकाण होतं. गावाचं नाव मी लिहीत नाही. छोटं सरकारी रुग्णालय, बाळंतपणाचा एक वॉर्ड, आणि डोंगरातल्या पाड्यांवरून जीपमध्ये दाटीवाटीने येणाऱ्या बायका. संगीता तिथली इन्चार्ज सिस्टर. ती मॅडमची जुनी विद्यार्थिनी होती, आणि मॅडम म्हणायच्या की चादरीचा कोपरा माझ्यापेक्षा चांगला घालणारी एवढी एकच निघाली.

आम्ही कधी येणार हे कुठेच कळवत नसू. पण नर्सची एक बॅच म्हणजे सख्ख्या बहिणींचं कुटुंब. आदल्या दवाखान्यातल्या कुणीतरी बॅचच्या ग्रुपवर टाकलं होतं, 'मॅडम आता तुमच्याकडे येतील गं, सांभाळा.' यात कुणाचा काही वाईट हेतू नव्हता. आपल्या कडक मॅडम येणार म्हटल्यावर मैत्रिणीला सावध करायचं, एवढंच.

त्या सकाळी आम्ही उतरलो तर फाटकापाशी रांगोळी होती. वॉर्डात पाऊल टाकलं आणि मला तो वॉर्डच वाटेना. चादरींना कपाटातल्या घड्यांच्या रेघा तशाच होत्या. प्रत्येक कोपरा सुरीने कापल्यासारखा. सलाईनचे स्टँड रांगेत. आणि इस्त्रीच्या गणवेशातल्या तीन सिस्टर. तिघींनी टाचा जुळवल्या. संगीता एक पाऊल पुढे आली.

"वॉर्ड व्यवस्थित आहे, मॅडम."

मॅडमनी आधी एका चादरीचा कोपरा बोटाने चाचपला. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जो आनंद दिसला तो मी नंतर कितीदा तरी आठवला. विद्यार्थिनीचा वॉर्ड बघायला आलेल्या बाईंचा आनंद होता तो. मग तो गेला. त्यांनी दाराशी स्टूल मांडलं आणि हात मांड्यांखाली घातले.

पाळीभर सगळं पुस्तकातल्यासारखं चाललं. मॅडम उठून एका बाळंतिणीच्या सासूपाशी गेल्या आणि त्यांनी आपला प्रश्न विचारला.

सासूने हसून सांगितलं, "आज काय, सिस्टर हायेत ना! हाक मारायच्या आधीच येतात. काल तं मीच बंद केली होती. काल कोनीच नव्हतं, येकटी सिस्टर, ती आत बाईपाशी."

मॅडमनी मान हलवली. लिहिलं नाही.

पाळी संपल्यावर त्यांनी संगीताला बाहेर नळापाशी नेलं. मी स्टुलांच्या घड्या घालत तिथेच होते.

"काल दुपारी कोण होतं गं वॉर्डला?"

"वॉर्ड व्यवस्थित आहे, मॅडम."

"ते मी पाहिलं. काल कोण होतं?"

संगीता खाली बघायला लागली. ती काही लहान नव्हती, केस पांढरे व्हायला लागलेली बाई. पण उभी होती वर्गातल्या मुलीसारखी. "सगळ्याच असतात मॅडम. कधी कुणी रजेवर, कधी कुणी डेप्युटेशनवर."

"त्या दोघींना तू आज बोलावून घेतलंस."

"तुम्ही येणार होतात."

"अगं, मी तपासणीला नाही आले. कमी आहात हे लिहायला आले होते! तुझ्यासाठीच आले होते!"

"मॅडम, तुमच्यासमोर मी विस्कटलेला वॉर्ड कसा दाखवू?" संगीता म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला नाही जमणार ते."

हे तिला शिकवलं कुणी होतं?

परतीच्या एसटीत त्याच दोन सिस्टर आमच्या पुढे चढल्या. आता साध्या ड्रेसमध्ये, गणवेश पिशवीत. एक कागदोपत्री त्या गावची, पण डेप्युटेशनवर कायम नाशिक शहरात. दुसरी रजेवर होती, तापाने फणफणलेल्या मुलाला शेजारी ठेवून आली होती. हे सगळं त्या आपसात कुजबुजत होत्या ते आम्हाला ऐकू येत होतं. गाडीला गर्दी होती, त्या दांडा धरून उभ्या होत्या. मॅडम आपल्या जागेवरून उठल्या आणि म्हणाल्या, "बसा गं." त्या दोघी शहारल्याच. "नाही नाही मॅडम, तुम्ही बसा." मॅडम खाली बसेनात आणि त्या दोघी जागेला शिवेनात. घाट सुरू झाला तशी टोपलीवाल्या एका मामांनी तिघींकडे बघितलं आणि ते निवांत जाऊन त्या जागेवर बसले. नाशिकपर्यंत मॅडम उभ्या राहून आल्या. मला हसू येत होतं आणि मी हसू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी भांडले. म्हटलं, मॅडम, हे खोटं आहे, हे असं लिहू नका. आपण परत जाऊ.

"आपण पाहिलं ते खोटं नव्हतं. तिघी तिथे होत्या."

"पण आपल्याला माहीत आहे ना!"

"माहीत आहे, दिसलं नाही." मग म्हणाल्या, "एका ठिकाणी मनासारखं दिसलं नाही म्हणून परत गेलो, तर बाकीच्या ठिकाणी मनासारखं दिसलं म्हणून थांबलो असा अर्थ होतो. उद्या मुंबईत कुणी विचारलं तर काय सांगू? समाजशास्त्र, नियम आपल्याला सोयीचा असतो तेव्हा कुणीही पाळतं."

मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. हट्ट होता तो. पण त्याच हट्टाने त्यांनी बाकीचे वॉर्ड असे मांडले होते की वाचणाऱ्याला कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. ते एक पान सोडलं तर तो अहवाल म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या नर्सच्या पाठीच्या कण्याचा एक्स-रे होता. मुंबईहून निरोप आला की समितीला तो आवडलाय, नवीन पदं बहुधा मंजूर होतील. त्या दिवशी मॅडमनी आयुष्यात पहिल्यांदा मला भेळ खायला नेलं. खायच्या आधी हात कोपरापर्यंत धुतले, भेळवाल्यालाही धुवायला लावले.

पेठकडची बातमी आली ती मंजुरीची वाट बघण्याच्या काळात. दुपारपाळीला संगीता एकटी होती. आतल्या खोलीत एका बाईची अडलेली सुटका चालू होती. बाहेर वॉर्डात नुकती बाळंत झालेली एक पोरगी होती, तिच्यापाशी तिची आई. मुलीला रक्त जात होतं. आईला दिसत होतं. तिने एक लुगडं खाली घातलं, ते भिजलं, मग दुसरं घातलं. सिस्टर आतल्या बाईपाशी आहे, ओरडतेय ती बाई, आता तिला कशी हाक मारू, असं त्या आईला वाटलं. शहाणी बाई होती, दुसऱ्याची अडचण समजून घेणारी. संगीता बाहेर आली तेव्हा मुलीचे हात गार पडले होते. आतली बाई आणि तिचं बाळ वाचलं. ही मुलगी गेली.

वर्तमानपत्रात 'परिचारिकेचा हलगर्जीपणा' अशी बातमी आली. संगीता निलंबित झाली आणि नाशिकला चौकशी लागली. एकटी होते, असं ती सांगत राहिली. त्यावर चौकशी करणाऱ्या साहेबांनी तिच्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या. ड्यूटीच्या तक्त्यावर तिघींची नावं आहेत. आणि सरकारने करून घेतलेल्या अभ्यासात, प्रत्यक्ष पाहणीत, याच वॉर्डात तिघी हजर होत्या असं नमूद आहे. म्हणजे मनुष्यबळ पुरेसं आहे, म्हणजे चूक तिची.

हे मॅडमना मीच सांगितलं, त्यांच्या इंदिरानगरच्या घरी जाऊन. त्या पलंगाची चादर घालत होत्या. ऐकताना हात थांबले नाहीत. कोपरा घातला, काढला, परत घातला.

"जाऊन सांगावं लागेल," त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी मुंबईहून समितीतल्या एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. चौकशीत अहवालाचा दाखला दिल्याची त्यांना कुठून तरी कुणकुण लागली होती. मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला, बहुधा मला साक्षीला ठेवायचं म्हणून.

"ताई, तुम्ही एक पान चुकीचं आहे म्हणालात की बाकीच्या पानांवर कोण विश्वास ठेवणार? फाइल वित्त विभागापर्यंत गेलीय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गेलीय. एका सिस्टरसाठी तुम्ही सगळ्यांचं घालवाल."

"ती एक सिस्टर कोण आहे, तुम्हाला माहीत आहे?"

"नाही. आणि माहीत करून घेतलं तर मलाही काम करता येणार नाही."

बाई खोटं बोलत नव्हत्या. मॅडमनी फोन ठेवला आणि गुडघे चोळत त्या म्हणाल्या, "समाजशास्त्र, तू काय केलं असतंस?" त्यांनी मला आयुष्यात हा एकच प्रश्न असा विचारला की ज्याचं उत्तर त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मला नाही माहीत. मला खरंच माहीत नव्हतं.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. पलीकडे साहेब लोक, अलीकडे आम्ही. मी अहवालाची प्रत घेऊन गेले होते. संगीताला आत बोलावलं. ती साध्या साडीत आली आणि दारापाशीच थांबली. गणवेश नसला की नर्स किती लहान दिसते, हे मला त्या दिवशी कळलं.

मॅडम उभ्या राहिल्या. मग मीही. साहेबांना वाटलं कुणी मोठं आलंय, त्यांच्यातला एक अर्धवट उठला आणि परत बसला.

"बसा मॅडम," मुख्य साहेब म्हणाले. "हा अहवाल आपलाच ना?"

"माझाच." त्या बसल्या नाहीत.

"यात या वॉर्डात तीन परिचारिका हजर होत्या असं आहे. आपण स्वतः पाहिलंत?"

"पाहिलं."

"मग प्रश्न कुठे येतो?"

"ते माझ्यासाठी मांडलं होतं. एक रजेवरून आणलेली, एक शहरातून. रोज तिथे ही एकटी असते."

"हे आपल्याला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"माहीत असूनही आपण लिहिलंत?"

"हो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते शांतपणे, जवळजवळ आदराने म्हणाले, "मग मॅडम, हा अहवाल चुकीचा आहे असं मी नोंदवू?"

मी मॅडमच्या बाजूला होते. त्यांचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर होते आणि बोटं पांढरी पडली होती. त्यांनी संगीताकडे पाहिलं. संगीता मान हलवून नको नको म्हणत होती. स्वतःची नोकरी जात असताना तिला मॅडमच्या अहवालाची काळजी होती.

"नोंदवा," मॅडम म्हणाल्या. "माझा अहवाल चुकीचा आहे. ती एकटी होती."

संगीता कामावर परत आली. ताकीद मिळाली, पण परत आली. अहवाल मुंबईहून 'फेरअभ्यासासाठी' परत आला, आणि फेरअभ्यासाचं काम एका खासगी कंपनीकडे गेलं. त्यांनी सगळ्या दवाखान्यांना मोबाइलवर भरायचा एक फॉर्म पाठवला. ज्यांना वेळ होता त्या सिस्टरांनी तो भरला. नवीन पदांबद्दल पुन्हा कुणी फोन केला नाही. आमची खोली काढून घेतली. पंखा तेवढा काढून न्यायला हवा होता, असं मॅडम म्हणाल्या. स्टुलं त्यांनी घरच्या गॅलरीत ठेवली, एकावर तुळशीची कुंडी.

मला दुसरी नोकरी लागली, पण मी अधूनमधून इंदिरानगरला जात राहिले. मॅडमचे गुडघे आता अगदीच गेलेत. घरातल्या घरात टेबलाला, भिंतीला धरून चालतात. गेल्या महिन्यात मी गेले होते तेव्हाच संगीता आली. तिची पाठ धरली होती, नाशिकला दाखवायला आली होती. जाता जाता मॅडमना भेटावं म्हणून नागलीच्या पापडांचं पुडकं घेऊन आली. चौकशीनंतर त्या दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या.

दार मी उघडलं. मॅडमनी ती कोण आहे ते पाहिलं, टेबलाची कड धरली आणि कण्हत कण्हत उभ्या राहिल्या.

"बसा ना मॅडम," संगीता घाईने म्हणाली.

"तू बस आधी."

"तुम्ही उभ्या असताना मी कशी बसू?"

मी दोन खुर्च्या ओढून दिल्या. चहा केला, तो टेबलावर ठेवला. मॅडमनी हा चहा घेतला असता, घरचा होता. पण दोघी तशाच उभ्या, एक टेबलाला धरून आणि एक दुखऱ्या कमरेवर हात ठेवून. नळाला पाणी कसं आहे, मुलगा कितवीला आहे, पापडाचं पीठ कुणी दळलं, असं सगळं उभ्याउभ्याच बोलणं झालं. चहावर साय आली.

संगीताच्या एसटीची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळची ड्यूटी होती. ती पिशवी उचलायला वाकली तेव्हा मॅडमनी विचारलं. आवाज इतका हलका होता की तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"आता कोण असतं गं सोबत?"

संगीता सरळ झाली. कमरेवरचा हात खाली आला. चपला दारात काढलेल्या होत्या, अनवाणी टाचा एकमेकींना लागल्या.

"वॉर्ड व्यवस्थित आहे, मॅडम."

मॅडमनी मागे हात नेऊन खुर्ची चाचपली आणि हळूहळू खाली बसल्या. संगीता उभीच होती.